वाढत्या अंगाचं माप

पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, हा आजोबांच्या धंद्यातला पहिला नियम. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. फ्रॉकच्या घेराला चार बोटं कापड आत दुमडलेलं, बगलेत शिवणीआड जादा कापडाची माया सोडलेली. पोर वाढलं की आईनं उसवावं, कपडा आणखी वर्षभर निघावा.

"अशानं गिऱ्हाईक परत येईल का?" शेजारचा घड्याळवाला चिडवायचा.

"पोरं थांबतात का माझ्या गल्ल्यासाठी?"

म्हणूनच नातीच्या हृदयाची झडप दुरुस्त झाली, तेव्हा त्यांनी सर्जनबाईंना पहिला प्रश्न तोच विचारला. नात नुकती बोलायला लागली होती; इतकी काडीसारखी, की आजोबा तिला टाचणीच म्हणत. जन्मापासून सदोष असलेल्या झडपेला बाईंनी जनावराच्या हृदयावरचा पातळ पडदा, औषधात मुरवलेला, ठिगळासारखा जोडला होता.

"ठिगळात वाढायला जागा ठेवलीत ना?"

बाई हसल्या नाहीत. "थोडी ठेवलीय, काका. पण तो तुकडा निर्जीव आहे, तिच्याबरोबर वाढणार नाही. आणि वाढत्या अंगात त्याच्यावर चुन्याचा थर लवकर धरतो, तो कडक होतो. किती टिकेल, सांगता येत नाही. ती मोठी होईपर्यंत टिकला, तर मोठ्या माणसाच्या मापाची झडप बसवता येईल."

एवढ्या बोलण्यातलं 'मोठी होईपर्यंत' तेवढं घरी आलं. बाकीचं दवाखान्याच्या बाकावरच राहिलं.

टाचणीला मोठी करायची, असा सगळ्यांनी चंगच बांधला. आई दुधाचा पेला घेऊन मागे धावायची. आजोबा दुकानाच्या चौकटीला तिला उभी करून डोक्यावर खडूची रेघ ओढायचे. रेघ वर सरकली की त्यांचा चेहरा उजळायचा. मग फ्रॉकची दुमड उसवायची. धाग्याचं टोक शोधून ओढायचा मान टाचणीचा.

"टाचणीचा दाभण झाला की हो!" घड्याळवाला म्हणायचा.

यंदा मात्र ती जिन्यात मध्येच बसू लागली. ओठ निळसर दिसायला लागले. तपासणीनंतर सर्जनबाईंनी आई आणि आजोबांना समोर बसवलं.

"ठिगळ कडक झालंय. झडप धड उघडत नाही, धड मिटत नाही."

"मग बदला ना," आई म्हणाली.

"त्यासाठी हृदय थांबवावं लागतं. ते फार थकलंय. थांबवलं तर पुन्हा चालू होईल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दोन सर्जनांनाही विचारलं मी."

"आणि ती मोठ्या मापाची?" आजोबांनी विचारलं.

"तिच्यापुरती जागा अजून झाली नाही, काका."

"आणखी थोडी वाढली असती तर?"

"वाढली, म्हणूनच तर ठिगळ..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं. औषधांनी त्रास कमी होईल, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी दुकान उघडलं. चौकटीवरच्या रेघांकडे पाठ होईल असं मशीन फिरवून घेतलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी लेक कापड घेऊन आली. ते तिनं काउंटरवर ठेवलं.

"बाबा, या खेपेला मापात शिवा."

"म्हणजे घेराला..."

"काही ठेवू नका. अंगावर नीट बसू दे. दर वर्षी ढगळच घालते बिचारी."

आजोबांनी कापड पसरलं. हाताला सवय, खडूची खूण चार बोटं खाली पडलीच. अंगठ्यानं ती पुसून त्यांनी वर नवी ओढली आणि कात्री चालवली.

तयार फ्रॉक घालून टाचणी आरशासमोर स्टुलावर उभी राहिली. चोख बसला होता. पहिल्यांदाच तिचे खांदे खांद्यांच्या जागी दिसत होते. ती हळूच एक गिरकी घेऊन दम खात थांबली, मग सवयीनं घेर उलटा करून धाग्याचं टोक शोधू लागली.

"आजोबा, विसरलात! पुढच्या वर्षी काय उसवायचं?"

"म्हातारचळ लागलाय तुझ्या आजोबांना," दारातून घड्याळवाला म्हणाला. मग त्यानं तिच्या आईकडे पाहिलं, आणि तो आपल्या दुकानात परत गेला.

आजोबांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या असताना बोलता येत नाही, हे नातीला ठाऊक होतं. ते खाली बसले आणि जिथे टाचायचं काहीच उरलं नव्हतं, त्या घेराला एकेक टाचणी लावत राहिले.