हातातलं वजन

लटारूभाऊंचा हात म्हणजे तराजू, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापलीकडच्या त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. तळ्यातला रोहू तळहातावर घेतला की भाऊ म्हणत, "सव्वादोन." काट्यावर ठेवा, सव्वादोनच. म्हणून ढिवरांच्या मच्छीमार संस्थेला जाळं, दोर, शिसं, काहीही घ्यायचं असलं की ते आधी भाऊंच्या हातात जाई. भाऊ 'हे' म्हणाले की त्यावर कोणी बोलायचं नाही. हा मान त्यांना सासऱ्याकडून आलेला. भाऊ घरजावई, पण हाताला घरजावई कोण म्हणणार?

या वेळी मात्र घ्यायचं होतं ते वेगळंच. तळ्याचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराने लाटला होता, आणि तळ्यावर आपला वाडवडिलांपासून हक्क आहे हे संस्थेला पुढच्या महिन्यातल्या सुनावणीत दाखवायचं होतं. कागद एकही नव्हता. होते ते गावातल्या एकोणीस म्हाताऱ्यांचे जबाब, शिकायला भाऊंकडेच राहिलेली त्यांची पुतणी रंजीता हिने दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर व्हिडिओ करून घेतलेले. त्यातली आता तिघं उरली होती आणि तिघांनाही धड आठवत नव्हतं. सगळ्यांत भक्कम जबाब शेवटचा, भाऊंच्या बायकोचा, देवकाबाईचा. तळ्याची फुटलेली पाळ कोणी बांधली, पहिलं जाळं कोणाचं पडायचं, सगळं नावानिशी. गेल्या पोळ्यानंतर ती गेली.

तो मोबाइल केव्हाच बिघडून गेला होता. जबाब राहिले फक्त रंजीताच्या जुन्या लॅपटॉपमध्ये.

"काकाजी, याची हार्डडिस्क कटकट करून राह्यली," ती म्हणाली. "केव्हा बंद पडन सांगता येत नाई. सगळं काढून नव्या डिस्कमधी, एसएसडीत ठेवा लागते."

दोघं बसने चंद्रपूरला गेली. रंजीताने पंधरा दिवस मोबाइलवर वाचून एका कंपनीचं नाव पक्कं केलं होतं. दुकानदाराने तीच डबी काढली. पाचशे जीबी, पाच वर्षांची वॉरंटी, पक्कं बिल. भाऊंनी ती तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आत काही आहे का नाई?"

"यात फिरणारं काही नसते भाऊ. म्हणून हलकी."

"एवढे पैसे अन् वजन वाळल्या झिंग्याएवढं," भाऊ म्हणाले आणि बाहेर पडले.

बाजारातल्या एका टपरीवर दुसरी मिळाली. जागा चौपट, किंमत निम्मी, वरून लोखंडी डबी. हातात घेतली तर चांगली भरीव. भाऊंनी ती दोनदा वरखाली केली.

"हे."

बिल नाही, वॉरंटी नाही, आणि एवढ्या कमी पैशात एवढी जागा कोणी देत नाही, हे रंजीताला चांगलं ठाऊक होतं. तोंड उघडलंही तिने. पण भाऊ 'हे' म्हणाले होते. मोठ्यांसमोर गप्प बसणं आपल्याकडे मुलींना सगळ्यात आधी शिकवतात, आणि ती हुशार पोरगी होती, नीट शिकली होती.

घरी येऊन तिने एकेक जबाब नव्या डबीत टाकला. एकोणीसच्या एकोणीस नावं दिसू लागली. पहिले तीन लावून पाहिले, चालले.

"काकूचा लावू का?"

भाऊ दाराकडे पाहत होते. "नको. तिले आता नको लावू. साहेबापुढंच पाहू." बायकोला बोलताना पाहायची त्यांच्यात हिंमत नव्हती, एवढंच खरं.

आठवड्याभरात लॅपटॉपची जुनी डिस्क कायमची बंद पडली. कोणाला काही वाटलं नाही. नवी होतीच.

सुनावणीच्या दोन दिवस आधी रंजीताने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. चौथ्यापासून पुढचं एकही उघडेना. नावं सगळी होती, आत काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा चंद्रपूरला, त्याच पहिल्या दुकानदाराकडे. त्याने पेचकसने डबी उघडली. आत नखाएवढं मेमरी कार्ड आणि गोंदाने चिकटवलेले दोन लोखंडी नट.

"हे कार्ड भरलं का पुढचं नुसतं नावाले घेते," तो म्हणाला. "जुनी डिस्क आणली का?"

आणली होती. त्याने ती लावली, कानाशी धरली आणि नकारार्थी मान हलवली. भाऊंनी नट तळहातावर घेतले. वजन त्यांनी बरोबरच ओळखलं होतं.

मंगळवारी सुनावणीत साहेबांनी तिन्ही जबाब पाहिले. त्यात तळ्याचं नाव होतं, हक्काचं काही नव्हतं. मग भाऊ स्वतः उठले आणि देवकाबाईने सांगितलेलं सगळं सांगू लागले. पाळ, जाळं, नावं. साहेबांनी मध्येच विचारलं, "तुम्ही या गावचे का?"

"नाई साहेब. जावई."

साहेबांच्या कारकुनाने पुढ्यातल्या कागदावर लिहिलं, ऐकीव माहिती. ठेका कायम राहिला.

बसस्टँडवर रंजीता रडायला लागली. "मी बोलाले पायजे होतं काकाजी."

"तू बोलली असती त मी ऐकलं असतं का?"

बस लागली, माणसं चढू लागली, तरी भाऊ बाकावरून उठेनात.

"त्या दिवशी तू तिचा जबाब लावत होती," ते म्हणाले. "लावू द्याले पायजे होतं मी. तेव्हाच समजलं असतं, अन् जुनी डिस्क तेव्हा चालू होती. एकडाव तरी ऐकलं असतं तिले."