दहा दिवस साखळीला

मित्रांनो, मी पडेगावच्या एका गल्लीतला म्हातारा कुत्रा आहे. अंग तांबूस, एक कान फाटका. चतुराबाईंच्या अंगणात वाढलो. पूजा झाली की तव्यावरची पहिली भाकरी त्या मला हातानं भरवायच्या. तो त्यांचा रोजचा नेम. तरुणपणी मी दार राखायचो, तेव्हा सगळे पाठ थोपटत. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून कोपऱ्यात पडून असतो.

एका सोमवारी मी झोपेत असताना चतुराबाईंचा पाय माझ्या शेपटीवर पडला. काय झालं ते मला कळलंच नाही. तोंडात रक्ताची चव आली, आणि ते रक्त त्यांच्या पोटरीचं होतं.

शेजारचे आप्पासाहेब काठी घेऊन आले. आधी सात विहिरींत डोकावून या, विष उतरतं, असा सल्ला त्यांनी दिला. चतुराबाईंची सून दीपमाला दवाखान्यात नर्स आहे. नळाखाली साबणानं जखम धुता धुता ती म्हणाली, "मामा, विहिरी राहिल्यात कुठं? सात बोअरांत डोकवायचं का आता?"

चतुराबाई मात्र हटून बसल्या. सोमवारचा उपास, उपाशीपोटी सुई नको, उद्या जाऊ.

"आई, उपास देवाला कळतो, रेबीजला, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाला नाय," दीपमाला हळू म्हणाली. "तो नसांतून मेंदूकडं चालत जातो. एकदा पोचला की औषध नाय."

मग त्या उठून तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. परतल्यावर दीपमाला त्यांना समजावत होती, की जखमेत सुईनं तयार राखणदार सोडलेत, ते रोगाला लगेच अडवतात. दंडातली लस अंगातले राखणदार उठवील, पण त्यांना आठवडाभर तरी लागतो. पुढची एकही सुई चुकवायची नाही.

आप्पासाहेब मला मारायला निघाले, तर तिनं काठी धरली. "मारला तर पिसाळलाय का ते कळायचं कसं? दहा दिवस बांधून ठेवा. खात-पीत धड राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता."

मला काही उमजेना. चावलो मी, सुया त्यांना. गुन्हा माझा, आणि मी पाणी प्यालो की घरभर आनंद. चतुराबाईंचा नेम चुकला नाही, पण भाकरी त्या लांबून काठीनं ढकलायच्या. ते साखळीपेक्षा जास्त लागायचं.

अकराव्या सकाळी साखळी सुटली. गुरांच्या डॉक्टरांनी मलाही सुई टोचली. ही दरसाल दिली असती, तर आईंच्या जिवाला एवढा घोर लागला नसता, असं दीपमाला म्हणाली. मित्रांनो, तुमच्या दारच्या कुत्र्याला ती आधीच द्या. आणि कुणी चावलं तर घरी लपवू नका.

मग चतुराबाई भाकरी घेऊन जवळ आल्या. त्यांनी ती अगदी हळूहळू माझ्या तोंडापुढं धरली. मायेनं की भीतीनं, ते मला अजून कळलेलं नाही. दात लागू नयेत म्हणून मी ती भाकरी नुसत्या ओठांनी उचलली.