गाडी जावयाच्या नावावर

गाडी चालवायच्या परवान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी बंबवाल्यांना पहिल्यांदा परत पाठवलं ते अगदी गोडीनं.

"तुमचा तिकडचा परवाना खरा आहे, मला दिसतंय ना," त्या म्हणाल्या. "पण ज्यांनी दिला त्यांचं पत्र लागेल, की हा आम्हीच दिलाय. तुमची वकिलात आहे की इथं. तिथून आणा."

बंबवाल्यांना हसू आलं. ज्या सरकारच्या तावडीतून बायकोला आणि पोरीला घेऊन ते अंगावरच्या कपड्यांनिशी निसटले होते, त्याच सरकारच्या दारात जाऊन पत्र मागायचं!

"बाई, मी तिथं आत गेलो तर पत्र कदाचित बाहेर येईल," ते म्हणाले. "मी नाही येणार."

बाईही हसल्या. पण त्यामुळे नियम काही हलला नाही.

तिकडे बंबवाले आगीचा बंब चालवायचे. घंटा वाजली की अख्खा रस्ता बाजूला सरायचा. एका दुपारी गावातली एक वस्ती पेटली, म्हणजे पेटवली गेली, आणि वरून हुकूम आला की बंब आवारातून हलता कामा नये. बंबवाल्यांनी हुकूम ऐकला, चावी घेतली आणि बंब बाहेर काढला. दोन जोडीदार पळत येऊन मागे लटकले. निम्मी वस्ती वाचली. आठवड्याच्या आत त्यांना पकडायला माणसं घरी येऊन गेली, तेव्हा ते नशिबानं घरात नव्हते. ही गोष्ट ते स्वतः कधी कुणाला सांगत नसत. सांगायची ती त्यांची बायको, आणि तीही अशी रंगवून की ऐकणाऱ्याला वाटावं, मागे लटकलेल्यांत हीपण होती. निर्वासितांच्या वस्तीत त्यांचं नाव बंबवाले पडलं ते तिच्यामुळे.

तर ते पत्र नाही म्हणून अशा माणसाला इथं गाडीला शिकाऊ पाटी लावून, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत उभं राहून परीक्षा द्यावी लागली. परीक्षा घेणारा म्हणाला, "काका, हँडब्रेक म्हणजे काय माहितीये ना?" बंबवाल्यांनी निमूटपणे हँडब्रेक दाखवला. परवाना मिळाला, पण निर्वासिताच्या ओळखपत्राची मुदत जेवढी, तेवढीच परवान्याची. ओळखपत्र दर वर्षी नवं करायचं, आणि त्याला काय लागतं, तर नोकरी देणाऱ्याची चिठ्ठी. नोकरी असेल तर कार्ड, कार्ड असेल तर परवाना, परवाना असेल तर नोकरी. डोकं गरगरायला लागायचं. बायको म्हणायची, आपण घाण्याला जुंपलोय, फक्त तेल कुणाच्या घरी जातंय ते कळत नाही.

ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर उभी राहायची. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं तिथं धुवायला यायचं. लॉन्ड्रीचा मालक एकदा तिला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला स्वतःची व्हॅन आणता आली तर चादरी ने-आणीचं काम त्याला देतो." घरात होतं नव्हतं ते घालून बंबवाल्यांनी एक जुनी व्हॅन ठरवली. आणि पुन्हा त्याच खिडकीवर गेले.

"गाडी नावावर करायची तर ओळखपत्राची मुदत निदान एक वर्ष शिल्लक पाहिजे," बाई म्हणाल्या.

"आमचं कार्डच मुळात एक वर्षाचं असतं. हातात पडेपर्यंत दोन महिने गेलेले असतात."

"हो ना."

"म्हणजे आमच्यातल्या कुणाच्याच नावावर कधी गाडी होणार नाही?"

"असं नियमात कुठंही म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

वस्तीच्या नाक्यावर एकाचं टायरचं दुकान होतं. त्याचा आजा फार पूर्वी त्यांच्याच देशातून इथं आलेला. त्यामुळे बोली तीच आणि नागरिकत्व इथलं, म्हणजे दोन्हीकडून पक्का माणूस. तो म्हणाला, "माझ्या नावावर करा ना काका. कागद माझे, गाडी तुमची. त्यात काय एवढं?" बंबवाल्यांचा जीव भांड्यात पडला. गाडी त्याच्या नावावर झाली. मग गाडीच्या निमित्तानं त्याचं घरी येणं-जाणं सुरू झालं. हवा बघायला यायचा, चहा घेऊन जायचा. आणि वर्षभरात मनीला त्यानं मागणी घातली.

मनी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लॉन्ड्रीच्या गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पावती फाडायची, आणि कुणी उगाच लांबण लावली तर तोंडावर जांभई द्यायची. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बरा आहे. हसतो जरा जास्त." तेवढ्यावर लग्न झालं. आधी गाडी त्याच्या नावावर झाली, मग मुलगी त्याच्या घरी गेली. एकामुळे दुसरं झालं की काय, हे बंबवाल्यांनी कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. टायरवाल्याचे जावईबापू झाले आणि काकांचे मामा झाले.

दीड-दोन वर्षं बरी गेली, निदान बाहेरून तरी. मग एका सकाळी पहिली फेरी टाकून बंबवाले घरी आले तर मनी दाराच्या पायरीवर बसलेली. केस मोकळे, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"केस विंचरून दे गं आई," ती म्हणाली. "माझा हात वर जात नाहीये."

आईनं काही न विचारता तिला पुढ्यात घेतलं. विंचरताना मनीनं सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. तो बाहेर जाताना दार बाहेरून लावून जातो. काल ती खिडकीतून शेजारणीशी बोलत होती. तो मागून आला, खिडकी लावली आणि तिचा हात पाठीमागे नेऊन पिळला. पिळतानाही हसत होता. आज कडी लावायला विसरला.

"दवाखान्यात जाऊ," बंबवाले म्हणाले.

"नको. मला फक्त झोपायचंय."

ती झोपली ती अशी, की तिच्या अंगावर चादर घातलेलीही तिला कळली नाही.

दुपारी जावयाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, साखर घोळलेला. "मामा, व्हॅनच्या तपासणीची तारीख आलीय. संध्याकाळी गाडी घेऊन या दुकानावर. आणि येताना मनीलाही आणा. एका फेरीत दोन्ही कामं."

"तिला बरं नाहीये, जावईबापू. राहू दे चार दिवस."

"राहू दे की, माझं काय जातंय? मग गाडीही राहू द्या, चालवू नका. नाव माझं आहे मामा. उद्या काही झालं तर अडकायचो मी. मीच येऊन घेऊन जातो ना."

बंबवाले उठले आणि तडक परवान्याच्या कचेरीत गेले. खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेजारच्या साहेबांना विचारूनही आल्या.

"तुमच्या नावावर नाहीच होणार. मुलीच्या नावावर होईल बघा! ती नागरिकाची बायको आहे, तिचं कार्ड तीन वर्षांचं. फक्त आत्ताच्या मालकाची सही लागेल."

"तो सही देणार नाही. आणि ती त्याची बायको राहिली नाही तर?"

"तर मग तिचं कार्डच रद्द होईल," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण ते आमच्याकडे नसतं. ते खातं वेगळं."

घरी येईपर्यंत बंबवाल्यांनी मनात सगळा हिशेब मांडला होता. गाडी गेली की चादरींचं काम जाणार. काम गेलं की चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही तर कार्ड नाही. पुढच्या महिन्यात कार्डाची मुदत संपत होती. कार्डाशिवाय सापडलेल्यांना कुठं पाठवतात, ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. हे त्यांनी बायकोला एकेक करून सांगितलं, हळू आवाजात, मनी आत झोपली होती म्हणून.

बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला तिकडे नेऊ नका."

"थोडे दिवसच. लांब मुदतीची कार्डं देणार म्हणतात, ते हातात आलं की..."

"अहो, तिकडे परक्यांच्या घरांसाठी गाडी काढलीत तुम्ही. वरच्यांचा हुकूम मोडून. मी चार लोकांत छाती फुगवून सांगत आले."

"तेव्हा हातात बंब होता. आता काय आहे माझ्या हातात?"

"आत्ता? चावी आहे. तिला बसवा आणि जा कुठंतरी लांब. दुसऱ्या गावी."

"आणि नाक्यावर अडवलं तर? गाडीचा मालक कोण म्हणून विचारलं तर? चोरीची गाडी म्हणून आत टाकतील मला."

"टाकू देत," बायको म्हणाली.

तेवढ्यात मनी दारात येऊन उभी राहिली. कधीची जागी होती कोण जाणे. तिनं दोघांकडे पाहिलं आणि आईच्या चपला पायात सरकवल्या.

"चल बाबा," ती म्हणाली. "तो दुकान बंद करायच्या आत जाऊ. वाट बघायला लागली की जास्त चिडतो."

तिनं असं म्हटलं नसतं तर आपण तिला नेलं नसतं, असं बंबवाले पुढे स्वतःला पुष्कळदा सांगत. पण ते खरं नव्हतं. त्यांनी कचेरीतून आल्यावर चपला काढल्याच नव्हत्या.

बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

व्हॅनमध्ये मागे मळक्या चादरींचे गठ्ठे होते, त्यांचा फिनेलचा आणि औषधांचा वास पुढपर्यंत येत होता. मनीला त्या हातानं पट्टा ओढता येईना. बंबवाल्यांनी वाकून तो ओढला आणि लावला, ती लहान असताना लावायचे तसा.

"थोडीच कळ काढ, मने."

"किती?"

त्यांनी सिग्नलकडे बघितलं. सिग्नल हिरवा होता, तरी त्यांनी उगाचच ब्रेकवर पाय ठेवला. मागच्याने हॉर्न मारला.

"बाबा, जा पुढे," मनी म्हणाली.

जावई दुकानाबाहेरच उभा होता. त्यानं आधी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली, मग दार उघडून म्हणाला, "ये गं. किती वाट बघायची?" मनी उतरली आणि त्याच्या मागोमाग आत गेली. दुसऱ्या दिवशी तपासणी करून आणलेल्या गाडीची चावी बंबवाल्यांच्या हातावर ठेवत तो हसला. "घ्या मामा. घरचीच गाडी आहे."

चिठ्ठी मिळाली, कार्ड नवं झालं, परवानाही झाला. बंबवाले चादरी वाहत राहिले. मनीला फोन केला की जावईच उचलायचा आणि म्हणायचा, मजेत आहे. बायको त्यांना वेळेवर वाढायची, कपडे धुऊन ठेवायची, विचारलं तेवढंच बोलायची. बंबाची गोष्ट तिनं पुन्हा कुणाला सांगितली नाही. वस्तीत नवीन आलेल्या एका बाईनं विचारलं, तुमच्या मालकांना बंबवाले का म्हणतात, तर ती म्हणाली, "उगीच म्हणतात."

पाच-सहा महिन्यांनी मनी निघून गेली. भर दुपारी, गॅसवाल्यासाठी दार उघडलं होतं तेव्हा, एक पिशवी घेऊन चालत गेली. आईबापाच्या घरी ती आली नाही. जावई मात्र आला. खाटेखाली वाकून पाहिलं, मोरीत पाहिलं, मग खिळ्यावरची व्हॅनची चावी काढून घेतली. या वेळी तो हसला नाही. आठवड्याभरात त्यानं गाडी विकून टाकली. त्याच्या नावावरची गाडी, त्याला कोण अडवणार?

म्हणजे ज्या गाडीसाठी मुलगी परत नेऊन घातली, ती गाडी गेलीच. चादरींचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. आता कार्डही जाणार, असं धरूनच बंबवाले चालले होते. पण हॉस्पिटलच्या वाहनतळावर माणूस हवा होता, त्यांनी ठेवून घेतलं आणि चिठ्ठीही दिली. इतकं सहज. दिवसभर ते लोकांच्या गाड्यांमागे उभे राहून हात हलवायचे, "येऊ द्या, येऊ द्या, अजून, बास." कधी कधी त्यांना वाटायचं, आधीच इथं येऊन एक शब्द विचारला असता तर? मग ते पुढच्या गाडीकडे वळायचे.

पुढच्या वर्षी नियम बदलला. निर्वासितांना एकदम तीन वर्षांचं कार्ड मिळायला लागलं. बंबवाल्यांनी एक जुनी लहान गाडी घेतली आणि कागद घेऊन खिडकीवर गेले. बाईंनी शिक्का मारला आणि मनापासून म्हणाल्या, "झालात की नाही शेवटी मालक! पेढे कुठायत?"

गाडी घराशी आणून त्यांनी हॉर्न वाजवला. बायको दारात आली, गाडीकडे बघितलं आणि आत गेली. त्या गाडीत ती कधी बसली नाही. लॉन्ड्रीत चालतच जायची.

मनीचा फोन लॉन्ड्रीत यायचा, आईलाच. ती लांबच्या एका शहरात होती. घर सुटलेल्या बायकांच्या आश्रमात राहायची, तिथल्याच स्वयंपाकघरात काम करायची. तिच्या कार्डाचं प्रकरण कोर्टात होतं, अजून निकाल नव्हता. हात पूर्ण बरा झाला नव्हता. एवढं बंबवाल्यांना कळलं तेसुद्धा तुकड्या-तुकड्यानं. पत्ता बायकोनं सांगितला नाही. महिन्यातून एका रविवारी ती सकाळीच उठून, डबा भरून, दोन बस बदलून लेकीकडे जायची.

अशाच एका रविवारी बंबवाले दारात गाडी धूत होते. बायको पिशवी घेऊन बाहेर आली.

"स्टँडपर्यंत तरी सोडू?" त्यांनी विचारलं.

"नको."

ती चार पावलं गेली. त्यांना राहवलं नाही.

"माझ्याबद्दल काही विचारते का गं ती?"

बायको थांबली. पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली.

"विचारते ना," ती म्हणाली. "मी दिसले की आधी माझ्या मागे रस्त्यावर बघते. मग विचारते, एकटीच आलीस ना?"

ती गेली. बंबवाल्यांनी फडकं पिळलं, आणि मघाशीच पुसून झालेलं दार पुन्हा पुसायला घेतलं.