संध्याकाळची रांग

सुभद्राबाई धकाते गल्लीत शिरल्या की नागपुरातल्या लकडगंजामागच्या कोष्टीपुऱ्यातले माग थांबायचे. भीतीनं म्हणा, आदरानं म्हणा, पण थांबायचे. जून उजाडला की मुलींच्या शाळेच्या या मुख्याध्यापिका काळी छत्री घेऊन दारोदार फिरत आणि उंबऱ्यात उभ्या राहून एकच वाक्य बोलत, "पोरगी द्या, संध्याकाळी परत आणून देतो." चहा घेत नसत, बसत नसत आणि पोरगी मिळेपर्यंत हलतही नसत. एकदा रुपराव नावाच्या विणकरानं वैतागून विचारलं, की पोरगी म्हणजे काय उसनी न्यायची कढई आहे? बाई म्हणाल्या, कढई माझ्या घरी आहे, पोरगीच नाही, म्हणून आली. रुपरावाची बायको आतून हसली. बायको हसली म्हणजे रुपराव हरला हे गल्लीला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत.

त्या वाक्यातला पुढचा अर्धा भाग फार मोलाचा होता. शाळा आणि कोष्टीपुरा यांच्या मधे लाकडाचे टाल, वखारीच वखारी. सागवानाचे ओंडके लादलेले ट्रक तिथून रोंरावत जात, आणि हमालांच्या तोंडची भाषा लेकरांच्या कानांसाठी नव्हती. पोरीला एकटी सोडायला कोणाची छाती होत नसे. म्हणून शाळा सुटली की बाई मुलींची रांग करत आणि स्वतः पुढे चालत. प्रत्येक दाराशी थांबत. पोरगी आत जायची, आई आतून म्हणायची, "आली, बाई, आली," आणि मगच रांग पुढे सरकायची. आवाज आल्याशिवाय बाईंचं पाऊल हलत नसे, मग पाठीमागे ट्रक कितीही कोकलो.

शाळेची वेळसुद्धा त्यांनीच बदलून घेतली होती. गावभरच्या शाळा सकाळी भरतात, तुमचंच काय निराळं, असं कमेटीचे मनोहरराव म्हणाले होते. बाईंनी त्यांना पहाटे गल्लीत आणून उभं केलं. तिथं बांबूच्या फुलीसारख्या कैच्यांवर ताणा पसरलेला, लुगड्याचं अख्खं उभं सूत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावायची, आणि समोरासमोर उभं राहून दोघांनी एकच मोठा कुंचा धरून, सूत वाळेपर्यंत फिरवत राहायचं. ही पांजण. एकदा खळ लागली की सूत कोणाची वाट पाहत नाही. हात थांबला की धागे एकमेकांना चिकटले. घरातली झाडून सारी माणसं त्यात, अगदी तुटके धागे गाठायला सहा वर्षांच्या पोरीसुद्धा. मनोहररावांचं धोतर खळीनं माखलं आणि पुढच्या महिन्यापासून शाळा अकराला भरू लागली. पांजणीच्या वेळी कोष्ट्याच्या दारात जायचं नाही, हा बाईंचा नियमच होता. नव्या मास्तरणींना त्या पहिल्या दिवशी हेच शिकवत.

अशा या बाई. गल्लीतलं एकही दार त्यांनी सोडलं नव्हतं, फक्त एक सोडून. पिंपळाजवळचं, चंद्रभान विणकराचं. तिथून जाताना त्या छत्री त्या बाजूला कलती करत. ऊन नसलं तरी करत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कारण चंद्रभानची बायको गोपिका ही बाईंची पोटची मुलगी होती.

ती गोष्ट जुनी. सुभद्राबाईंचा नवरा क्षयानं गेला तेव्हा गोपिका तीन वर्षांची होती. मागावर अर्धं लुगडं तसंच राहिलेलं. कोष्ट्याच्या बाईनं सुताच्या कांड्या भराव्या, पांजण करावी, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसू नये अशी तेव्हाची रीत. सुभद्राबाई बसल्या. लुगडं पुरं केलं, विकलं आणि ट्रेनिंग कॉलेजात नाव घातलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. पोरीचं काय, तर उमरेडला दीर मारोतराव आणि जाऊ रुखमाबाई होती. रुखमाबाईला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांचा तर सवाल आहे, ती म्हणाली, शिकून ये आणि लेकीला घेऊन जा.

दोन वर्षांनी सुभद्राबाई उमरेडला गेल्या तर लेक रुखमाबाईच्या मांडीवरून उतरेना. रडून रडून काळीनिळी झाली. दिवाळीला नेतो, असं ठरलं. दिवाळीला म्हणाले, उन्हाळ्यात. तोवर शाळा अंगावर पडली होती, गळकं छप्पर आणि मोजक्या पोरी. आणि उन्हाळा काय, दरवर्षीच येतो. रुखमाबाईनं गोपिकाला चौथीनंतर घरी बसवलं तेव्हा सुभद्राबाईंनी चार शब्द सुनावले, तर ती म्हणाली, जिनं वाढवलं तिनं ठरवावं. दुनियेच्या पोरी मागून आणणारी बाई तिथून हात हलवत परतली. पुढे गोपिका लग्न होऊन नेमकी याच गल्लीत आली. नशिबाला चेष्टा करायची हौस असते, दुसरं काय! वाटेत गाठ पडली की ती पदर सावरून बाजूला होई आणि गल्लीतल्या साऱ्या बायकांसारखंच म्हणे, "नमस्ते, बाई."

बाई घरी येत. टालाच्या पलीकडे, कोपऱ्यावरून दिसेल अशी त्यांची खोली होती. कुलूप काढत, दिवा लावत, एका माणसाची भाकर थापत. दिवसभर पोरींच्या गलक्यात कान किटायचे आणि खोलीत आल्यावर तव्यावरच्या भाकरीचा आवाजही मोठा वाटायचा. एकटेपणाची सवय होते असं सांगणारे लोक बहुधा भरल्या घरात राहतात. बाईंना सवय झाली नव्हती. त्यांनी फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मागच्या एप्रिलात काय झालं, ते ऐका. संध्याकाळी रांग पोचवताना बाईंना वाटलं, आज एक पोरगी जास्तीची आहे. वळून पाहिलं तर शेवटी एक काळीसावळी चिमुरडी, हातात दप्तर नाही, बोटांना सुताचे तंतू चिकटलेले. गोपिकाची वच्छी. शाळेत नाव नाही, पण रांगेत उभी. बाई पुढे चालू लागल्या. पिंपळ आला तशी ती रांगेतून सुटली आणि आपल्या दारात पळाली. आत जाऊन स्वतःच ओरडली, "आली, बाई, आली." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाळेला सुट्या लागेपर्यंत रोज तेच.

तो उन्हाळा बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. कांड्या भरत भरत ही पोरगी दहा वर्षांची होईल, मग बारा, मग कोणाच्या तरी मागापाठी जाईल. साऱ्या गल्लीच्या पोरी शिकतील आणि आपलंच रक्त ओट्यावर बसून त्यांची रांग पाहील. शेजारच्या इंदूबाईंनी एकदा आडून टोमणा मारलाही, की लोकां सांगे ब्रह्मज्ञान. बाईंनी तो मुकाट्यानं गिळला, कारण खरा होता.

जूनच्या शेवटी, शाळा भरायच्या आदल्या दिवशी, त्या निघाल्या. रात्रभर डोळा नव्हता, म्हणून फार लवकर निघाल्या. आणि जिनं अख्ख्या नागपूरच्या मास्तरणींना शिकवलं, तीच बाई ऐन पांजणीच्या वेळी कोष्ट्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

ताणा पसरलेला होता, खळ लागलेली होती. आभाळ भरून आलेलं, म्हणून सारी घाई. चंद्रभान टोकाला ताण धरून होता. वच्छी खाली वाकून धागे गाठत होती. गोपिका कुंच्याचं एक टोक धरून उभी, आणि दुसऱ्या टोकाला कोणीच नाही. जोडीला येणारी तिची जाऊ तापानं पडली होती. गोपिका एकटीच कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं पळत होती आणि सूत चिकटायला लागलं होतं.

तिनं बाईंकडे पाहिलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

बाईंनी छत्री पिंपळाला टेकवली, पदर खोचला आणि कुंच्याचं दुसरं टोक धरलं.

मग मायलेकी चालू लागल्या. मधे ताणा, एकीकडे ही, दुसरीकडे ती. या टोकापासून त्या टोकाला, तिकडून परत. पांजणीत बोलायचं नसतं असं नाही, पण लक्ष हातावर ठेवावं लागतं. बाईंच्या हातांना इतक्या वर्षांनी सारं आठवलं. कुंचा दाबायचा कुठे, उचलायचा कुठे. दोघींची पावलं बरोबर पडत होती. लेकीचा चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून बाईंनी कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईवर एक व्रण होता. तो कधी पडला, कशानं पडला, हे आईला माहीत नव्हतं. डोळे भरले तसे त्यांनी ते खांद्याला पुसले, कारण हात मोकळा नव्हता.

सूत वाळलं. चंद्रभाननं ताणा गुंडाळायला घेतला. गोपिकानं लोट्यात पाणी आणून दिलं, ते पिऊन बाई नेहमीप्रमाणे उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"पोरगी द्या," त्या म्हणाल्या. हजार दारांत म्हटलेलं वाक्य त्या दारात अर्धंच राहिलं.

गोपिका वाट पाहत होती. मग तिनंच विचारलं, "माह्या दारात काहून नाई आल्या तुमी? दर जूनले मी दार उघडं ठेवत होती. तुमी छत्री आडवी करून जात होत्या."

बाई म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं येऊ?"

"साऱ्या गल्लीच्या पोरी तुमी संध्याकाळी घरी पोचवता," गोपिका म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मले कोणी पोचवलं नाई."

"मी आली होती उमरेडले. तू रुखमाच्या मांडीवरून उतरली नाई."

"मी लहान होती. तुमी तर मोठ्या होत्या ना."

बाईंनी माफ कर म्हणावं तर शब्द फार हलका होता, आणि हलकं माप देण्याची त्यांना सवय नव्हती. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, मार खाल्लेल्या पोरीसारख्या. आत चंद्रभान खाकरला आणि उगाच मागाकडे गेला. शहाणा माणूस.

मग गोपिकानं वच्छीला पुढे केलं. तिच्या बोटांवरची खळ आपल्या पदरानं पुसली. "न्या हिले. पण संध्याकाळी स्वतः आणून द्यायची. दुसऱ्या पोरीच्या हाती धाडायची नाई."

"स्वतः आणतो," बाई म्हणाल्या. पुढे "परत" म्हणाल्या, तो शब्द अर्धाच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग निघाली. रोजच्या वाटेनं पिंपळ मधेच येई. त्या दिवशी बाईंनी रांग अशी आडवाटेनं वळवली की पिंपळ सगळ्यांत शेवटी यावा. मोठ्या मुली कुजबुजल्या, बाई चुकल्या म्हणून. बाई चुकल्या नव्हत्या. एकेका दारातून "आली, बाई, आली" येत गेलं, रांग ओसरत गेली आणि शेवटी फक्त वच्छी उरली. मग दोघी हात धरून हळूहळू चालल्या. वच्छीनं विचारलं, उद्याही मीच शेवटी का? बाई म्हणाल्या, पाहू. मुख्याध्यापिकेनं एवढा पक्षपात आयुष्यात केला नव्हता.

गोपिका दारातच होती. पोरगी आत पळाली. "आली," गोपिका म्हणाली, आणि मग, "आमचं घर तर मधात येते ना?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. लेकीनं जास्त ताणलं नाही. वच्छीला चुलीवरच्या भाताकडे पाहायला सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या.

"कोपऱ्यापर्यंत येतो," ती म्हणाली.

दोघी चालल्या. टालाच्या कोपऱ्यावर एक ट्रक जाईपर्यंत थांबल्या. गोपिका तिथंच उभी राहिली आणि बाई एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या. पुढे बोलवावं असं फार मनात होतं. पण घरी भात चुलीवर होता, आणि काही मागायचा हक्क कमवायला अजून बरेच जून लागणार होते, हे बाईंना कळत होतं.

खोलीशी येऊन त्यांनी कुलूप काढलं. मागे वळून पाहिलं तर गोपिका अजून कोपऱ्यावरच. ना हात हलवत होती, ना परत फिरत होती. बाईंना आधी उमजेना, ही कशासाठी थांबली आहे. मग उमजलं.

आत म्हणायला तर कोणी नव्हतं. सुभद्राबाई उंबरा ओलांडून आत गेल्या, अंधारात क्षणभर उभ्या राहिल्या, आणि दाराकडे तोंड करून, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच म्हणाल्या, "आली."

तेव्हा कुठे गोपिका घराकडे वळली.