तीनशे वर्षांचा चाकू आणि एकपायी कोंबडा

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या होत्या आणि चारशे माणसं. उरलेले दोनशे एकमेकांच्या मांडीवर बसायलाही तयार होते, कारण समोर चाकूमहाराज पोटातले खडे काढत होते. भूल नाही, टाके नाहीत, डिस्चार्ज कार्डसुद्धा नाही.

"हा चाकू माझ्या गुरूंच्या गुरूंच्या गुरूंच्या खिशातला!" महाराज गरजले. "तीनशे वर्षं जुना. कातडीला न शिवता रोग कापतो. राज्यं गेली, राजे गेले, याची धार गेली नाही!"

त्यांनी मिटलेला चाकू समोरच्या शिंप्याच्या शर्टावर टेकवला आणि डोळे पांढरे केले. टक्! पातं आपोआप उघडलं आणि खालच्या स्टीलच्या ताटात टण्णकन खडा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंप्याने पोट चाचपून "हलकं वाटतंय" असं जाहीर केलं. वास्तविक तो गुडघा दाखवायला आला होता.

दुसऱ्या रांगेत धारवाली बसली होती. चौकात तिचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान. ती आली होती थोरल्या बहिणीसाठी. ताईच्या पित्ताशयात खडा होता, उद्या सकाळी आठला ऑपरेशन ठरलं होतं, आणि आता ताई म्हणत होती, खडा इथेच निघाला की ऑपरेशन रद्द.

"ताई, खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टर चार भोकं पाडणार. महाराज एकही नाही."

"मग खडा येतो कुठून?"

"तुला लहानपणापासून सगळं खोलून बघायची खोड. आजोबांचं घड्याळ आठवतंय?"

"ते बंदच होतं."

"तू खोललंस तेव्हा चालू होतं."

तेवढ्यात महाराजांनी चाकू शालीखाली घेतला. प्रत्येक रोग्यानंतर चाकूला म्हणे मिनिटभर विश्रांती लागत असे. शालीबाहेर आल्यावर त्यांनी तो उंच धरला. "पुढचा नंबर ताईंचा! पण त्याआधी, आहे कुणी पारखी? सांगा, हा कुणी घडवला? मोठमोठे विद्वान हरलेत!"

"ही सांगेल!" शिंपी ओरडला. "माझ्या कात्र्या हिच्याकडेच असतात!"

महाराजांचं हसू निम्मं झालं. पण चारशे माणसं टाळ्या वाजवत असताना नाही कसं म्हणणार? "घ्या, पण मिटलेलाच ठेवा. उघडलात तर शक्ती उडून जाईल."

धारवालीने चाकू कानाशी हलवला. "खुळखुळतंय काहीतरी."

"तो नाद आहे."

"आणि मुठीला हे सोड्याच्या बाटलीचं ओपनर?"

"गुरू त्रिकालज्ञानी होते."

"तीनशे वर्षांनी सोडा निघणार, हे त्यांना ठाऊक होतं?"

"सगळं ठाऊक होतं!"

चाकू हातात आला की मुठीतल्या रिबिटांवर, म्हणजे खिळ्यांवर, अंगठा फिरवून बघायचा, ढिलं आहे का, ही धारवालीची वीस वर्षांची सवय. तीन रिबिटं घट्ट होती. चौथं आत गेलं.

टक्! पातं उघडलं आणि तिच्या मांडीवर खडा पडला.

चारशे माना पुढे झाल्या.

"ताई, हा तुझा खडा," धारवाली म्हणाली. "तू अजून खुर्चीतून उठलीसुद्धा नाहीस."

तिने चाकू सगळ्यांना दाखवला. पात्याचं टोक कापून ते आखूड केलं होतं, म्हणून मिटल्यावर खाचेत खडा मावत होता. रिबिटाखाली स्प्रिंग होती. मग तिने रुमालाने पातं पुसलं. तीनशे वर्षांचा गंज रुमालावर आला. त्याला बुटाच्या पॉलिशचा वास होता. पात्याच्या मुळाशी एक ठसा उमटलेला दिसला.

"कोंबडा छाप," ती म्हणाली. "असे शेकडो माझ्याकडे धारेला येतात. आधीच्या मालावर कोंबड्याला दोन पाय असायचे. पुढे ठसा झिजला आणि एक पाय उमटेनासा झाला. त्यानंतर दोन वर्षांत, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, कारखाना बंद पडला. हा एकपायी आहे. म्हणजे वय जास्तीत जास्त चौदा. अजून मिसरूड फुटायचंय."

"कोंबडा हे गुरूंचं वाहन आहे!" महाराज किंचाळले.

"एका पायावर?"

यावर महाराजांना अचानक समाधी लागली. समाधी मागच्या जिन्याने धावत खाली गेली.

तरीही मागून कुणीतरी म्हणालंच, "चाकू खोटा असेल हो, महाराज खरे आहेत." शिंपी तर अजून हलकाच होता.

ताईने तो खडा उचलून उजेडात धरला. "मग माझा कुठंय?"

"पोटात. मंत्राने तो हलायचा नाही, त्याला कान नाहीत. हे बघ ताई, डॉक्टरांनी सोनोग्राफीत खडा दाखवला, तू विचारलंस तेवढं सगळं सांगितलं. यांनी चाकू हातात दिला आणि वर उघडू नका म्हणाले. जो बघू देत नाही, विचारू देत नाही, त्याच्या हाती पोट द्यायचं नाही. मग तो कुणाचाही गुरू असो."

ताईची भीती कमी झाली नव्हती, तिचं तोंडच सांगत होतं. पण ती उठली. मागे नंबर लावून बसलेल्या पाच बायकांकडे वळली.

"तुमचे रिपोर्ट आणलेत ना गं? मग इथे काय बसलात? दवाखाना सातपर्यंत उघडा असतो. चला, सगळ्या मिळून जाऊ. मलाही उद्यासाठी आजच भरती व्हायचंय, एकटीला भीती वाटते."