फळ्यावरचं नाव

पार्ले पूर्वेच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळा आहे. काळा, लाकडी, चार फूट बाय तीन फूट, वर पत्र्याची पाखर. गेली बावीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला अनंतराव दातार तिथे येतात, ओल्या फडक्याने कालची बातमी पुसतात आणि खडूने आजची लिहितात. कोण गेलं, कुणाचं पाकीट सापडलं, पाणी किती वाजता येणार, आणि शेवटी अनंतरावांचं स्वतःचं चार ओळींचं बोलणं. या चार ओळींसाठीच लोक थांबतात. काही जण पटतं म्हणून थांबतात, बरेचसे चिडायला मिळतं म्हणून.

अनंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला त्याचं त्याचं करू द्यावं, दुसऱ्याच्या अंगावर येत नाही तोवर कुणी त्याला काही विचारू नये, सरकारने तर मुळीच नाही. या एका म्हणण्यापायी त्यांचं सगळ्या पक्षांशी वाकडं होतं. त्यांच्या पत्नी वसुधाबाई म्हणायच्या, "ह्यांचा एक स्वतंत्र पक्ष आहे. अध्यक्ष हे, कार्यकर्ते हे, आणि सभेला गर्दी म्हणून मी."

फळ्याचा एकच नियम होता आणि तो अनंतरावांनी बावीस वर्षांत कधी मोडला नव्हता. फळ्यावर कुठल्याही पुढाऱ्याचे आभार यायचे नाहीत. सौजन्य नाही, प्रयत्न नाहीत, वाढदिवसाच्या शुभेच्छाही नाहीत. एकदा एका उमेदवाराने फळ्याला नवीन फ्रेम करून देतो म्हटलं, तेव्हा अनंतरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

मधे बरीच वर्षं महापालिकेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. नगरसेवक नावाचा प्राणी गल्लीत नव्हता. लोक कुरकुरत होते आणि अनंतराव मनातून खूश होते. नगरसेवक नसूनही सूर्य वेळेवर उगवतोय, हे त्यांचं फळ्यावर दोनदा लिहून झालं होतं. आणि त्यांना बोट दाखवायला एक उदाहरणही मिळालं होतं. ते म्हणजे शकुचा टेबल.

शकु परब मूळची कणकवलीकडची. सासरे गिरणीत होते, नवरा गुणाजी रात्रपाळीचा वॉचमन. कोपऱ्यावर एक एटीएम होतं, ते बंद पडलं, त्याच्या पायरीपुढे तिने एक घडीचा टेबल टाकला आणि सकाळी सात ते दहा घावणे विकायला लागली. सासूकडून आलेला बिडाचा तवा, सोबत नारळाची चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. परवाना वगैरे काही नव्हतं. पण खरी गंमत वेगळीच होती. सव्वासातला शाळेची बस त्या कोपऱ्यावर वळायची आणि टेबल नेमका आडवा यायचा. त्यावर कुणी बैठक घेतली नाही, अर्ज दिला नाही. बसचा हॉर्न वाजला की खाणाऱ्यांपैकी दोघे जण बशा खाली ठेवायचे, तव्यासकट टेबल उचलून चार पावलं मागे न्यायचे, बस गेली की पुन्हा जागेवर. शकु तेवढ्यात उलथणं हातात धरून उभी. रिक्षावाल्यांनीही आपली रांग आपण होऊन पलीकडे सरकवली होती. हे बघताना अनंतरावांना जे वाटायचं, ते इतरांना देवळात वाटत असावं.

मग निवडणूक झाली, वॉर्डातून सुयोग पालव निवडून आला, फटाके फुटले, गल्लीभर बॅनर लागले. अनंतरावांना हे सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"शकु परब यांचा टेबल, एटीएमचा कोपरा. चार वर्षं परवाना नाही, साहेब नाही, तक्रार नाही. बस आली की टेबल मागे, बस गेली की टेबल पुढे. गल्ली स्वतःची स्वतः चालते. नवीन नगरसेवकांनी घावणे खाऊन जावेत, बाकी काही करू नये."

झकास जमलं होतं. नऊ वाजेपर्यंत लोकांनी फोटो काढले, दुपारपर्यंत ते पार्ल्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरले. दादरहून मेहुण्याचा फोन आला. अनंतरावांनी जेवताना वसुधाबाईंना त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचून दाखवल्या.

तिसऱ्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली.

बस येऊन गेल्यावर लगेच. चौघे उतरले, टेबल घडी केला, शेगडी, सिलिंडर, उसळीचं पातेलं, सगळं गाडीत टाकलं. तवा तापलेला होता, तर त्यावर पाणी ओतलं आणि तोही टाकला. शकु मधे पडली तेव्हा त्यातल्या एकाने अगदी सभ्यपणे तिला मोबाइल दाखवला. शेजारच्या सोसायटीतल्या कुणीतरी वॉर्ड ऑफिसला तक्रार केली होती आणि पुरावा म्हणून फळ्याचा फोटो जोडला होता. त्यात सगळं होतं. नाव, जागा, वेळ, किती वर्षांपासून, आणि परवाना नसल्याचं साफ साफ लिहिलेलं. अक्षर अनंतरावांचं.

अनंतराव तिथेच उभे होते. त्यांनी वाद घातला, कायद्याच्या पोटकलमापर्यंत गेले, आणि गाडी निघून गेली. शकुने रस्त्यावर पडलेलं उलथणं उचललं आणि घरी गेली.

दुपारी अनंतराव वॉर्ड ऑफिसात गेले. दंड मी भरतो, पावती द्या, सामान द्या, असं म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता सांगितलं, "शेगडी-सिलिंडर परत मिळत नाही. बाकी सामान गोदामात. आठवड्याने या."

"तवा गंजेल हो तोवर. बिडाचा आहे."

"आजोबा, इथे हजार तवे आहेत."

संध्याकाळी सुयोग पालव स्वतः घरी आला. अडतीस-चाळीसचा, पांढरा शर्ट, बोलायला गोड. वसुधाबाईंच्या पाया पडला, सोफ्याच्या कडेवर टेकला.

"काका, मी फळा वाचलाय हां तुमचा. राग नाही. उलट हसलो यार आम्ही सगळे." मग त्याने आवाज खाली आणला. "शकुताईंचं सगळं सामान उद्या संध्याकाळपर्यंत जागेवर. शेगडीसकट. माझा एक फोन आहे फक्त. पुन्हा गाडी त्या कोपऱ्याकडे बघणार पण नाही."

"आणि?" अनंतरावांनी विचारलं.

"आणि काही नाही. फळ्यावर दोन ओळी. आभाराच्या." तो हसला. "काका, माझे शंभर बॅनर लागलेत. कोण वाचतं? तुमचा फळा वाचतात. बावीस वर्षांत कुणाचेच आभार मानले नाहीत ना तुम्ही, म्हणून तर त्याला किंमत आहे."

अनंतरावांनी विचार करून सांगतो म्हटलं. पालव गेल्यावर ते बराच वेळ गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिले. त्यांना सगळं लख्ख दिसत होतं आणि तेच असह्य होत होतं. आधी हिसकावून न्यायचं, मग उपकार म्हणून परत द्यायचं आणि घेणाऱ्याला कायमचं बांधून ठेवायचं. बावीस वर्षं ज्याच्याविरुद्ध लिहिलं ते नेमकं हेच. आज दोन ओळी लिहिल्या की फळाही इतर भिंतींसारखाच झाला. आणि नाही लिहिल्या, तर तिकडे गोदामात तवा गंजत होता आणि शकुच्या घरात सकाळची मिळकत बंद होती.

"चुकीच्या माणसापुढे झुकायचं नाही," ते मोठ्याने म्हणाले.

वसुधाबाई भाजी निवडत होत्या. "तत्त्व तुमचं आहे," त्या म्हणाल्या, "तवा तिचा आहे."

दुसऱ्या दिवशी अनंतराव शकुच्या घरी गेले. रेल्वेच्या बाजूला पुनर्वसनाची नवीन उंच इमारत झाली होती, त्यात सातव्या मजल्यावर तिला एक खोली मिळाली होती. गुणाजी ड्यूटीवरून येऊन झोपला होता, म्हणून ती त्यांच्याशी बाहेर पॅसेजमध्येच बोलली. अनंतरावांनी पालवचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. मग त्यांनी जे रात्रभर मनाशी जुळवलं होतं ते बोलले.

"शकु, माझं मत तुला ठाऊक आहे. पण सामान तुझं, धंदा तुझा. मी कोण ठरवणारा? तू सांगशील ते करू. ज्याचं आहे त्यानेच ठरवावं, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

शकुने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आता इचारताय, काका?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बोलणं मालवणीवर गेलं होतं. "माजा नाव फळ्यार लिवलात तेवा माका इचारल्यात?"

अनंतरावांनी पॅसेजच्या कठड्याला हात टेकवला.

"चार वर्षं मी गपचूप धंदा केला. शेजारच्या सोसायटीतली ती बाई रोज नाक मुरडून जायची, मी मान खाली घालून घावणा उलटायची. वॉर्डाचा माणूस यायचा, दोन घावणे खायचा, जायचा. मला सगळं माहीत होतं कोणाशी कसं राहायचं ते. तुम्हाला वाटलं, हे छान आहे, हे सगळ्यांना सांगू या. तुमचं छान झालं. फोटो फिरले."

पॅसेजमध्ये कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"लिहा आभार," शकु म्हणाली. "माझा तवा येऊ दे."

अनंतराव सात मजले जिन्याने उतरले. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये माणसं होती आणि त्यांना कुणाच्या समोर उभं राहायचं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ही लाज नवीन होती. आजवर त्यांना दुसऱ्यांची वाटायची.

घरी येऊन त्यांनी पालवला फोनवर आभाराचा शब्द दिला आणि संध्याकाळी सामान आलं. टेम्पो थेट कोपऱ्यावर आला, पालवच्या माणसांनी टेबल उघडून सुद्धा दिला, व्हिडिओ काढला. तव्याच्या एका कडेला तांबूस गंज धरला होता. शकुने तो तिथेच बसून नारळाच्या शेंडीने घासायला घेतला.

रात्रभर अनंतराव तळमळत राहिले आणि पहाटे त्यांना ते वाक्य सुचलं. आभार मानायचे, कबूल. शब्द दिलाय. पण आभाराच्या खाली फक्त एक ओळ: "टेबल नेला तेव्हा जो नियम होता तोच आजही आहे, मधे फक्त एक फोन झाला." बस्स. आयुष्यात इतकं नेमकं वाक्य त्यांना सुचलं नव्हतं. ते वाचून पालवला हसता येणार नव्हतं आणि चिडताही येणार नव्हतं. फळ्याची अब्रू वाचणार होती.

साडेसहाला त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं: "शकु परब यांचे सामान परत मिळवून दिल्याबद्दल नगरसेवक सुयोग पालव यांचे आभार." तेवढी ओळ लिहिताना दोनदा खडू मोडला. मग पुढच्या ओळीसाठी हात वर गेला, आणि तसाच राहिला.

ते फडकं खांद्यावर टाकून कोपऱ्यावर गेले. शकु पीठ ढवळत होती. त्यांनी तिला आभाराची ओळ सांगितली, आणि मग खालची, तिच्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"ह्या खराच आसा," शकु म्हणाली. तिला ते वाक्य आवडलं होतं, तिच्या डोळ्यांत दिसलं. क्षणभर ती हसलीसुद्धा. "पण मग परत गाडी येईल."

"येईल बहुतेक."

"मग नको."

"नको," अनंतराव म्हणाले.

ते वळले तेव्हा तिने पुन्हा हाक मारली. "काका, आणि वरच्यात माझं नाव कशाला? ते पण काढा. माका बातमी होवक नको. माका घावणे घालूचे आसत."

अनंतराव फळ्यापाशी परत आले. आम्हाला आमचं आम्ही करू द्या, हे त्यांनी बावीस वर्षं महापालिकेला, मंत्र्यांना, सगळ्या जगाला ओरडून सांगितलं होतं. आज तेच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि सांगणारीचा हात पिठाचा होता. त्यांनी फडकं पुन्हा ओलं केलं आणि "शकु परब यांचे" एवढंच पुसून तिथे "एका रहिवाशाचे" असं लिहिलं. खाली जागा बरीच उरली होती. ती त्यांनी कोरी ठेवली.

पण घाईत नाव नीट पुसलं गेलं नव्हतं. नव्या अक्षरांमागून जुनं नाव अजून वाचता येत होतं. सकाळी फिरायला निघालेले दोघे जण जवळ येत होते, एकाच्या हातात मोबाइल होता. अनंतराव फळ्याला पाठ लावून उभे राहिले.

"काय काका, आज काय लिहिलंय?"

"थांबा जरा," अनंतराव म्हणाले. "अजून पुसतोय."