निवांतांना दिसणारा माणूस

लांबूशी माझं बावीस वर्षं एकाच गोष्टीवरून वाजायचं: आमच्या आवडत्या अंतराळ मालिकेतले निवांत. हे नाव आम्हीच ठेवलेलं. या परग्रहवासीयांची पापणी एकदा मिटून उघडायला सहा महिने लागतात, आणि तरीही ते यानाच्या कप्तानाशी फडाफडा बोलतात. मी फोटो स्टुडिओ चालवतो. प्रकाशाच्या बाबतीत कुणी थापा मारल्या की माझं डोकं फिरतं.

"अरे, त्याचा 'नमस्कार' पुरा होईपर्यंत कप्तानाला नातवंडं होतील!"

"बोलणं सोड," लांबू म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जिन्यावरसुद्धा वाकून चालायचा. "पण माणूस त्यांना दिसतोच. जो एका जागी ठिय्या मारून बसतो, तो दिसतो."

"छे. तू उठलास की रिकामी खुर्ची तुला पुसून टाकणार."

"तुमच्या दोघांपेक्षा ते निवांत परवडले," वहिनी लांबूच्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या. पण मालिका लागली की त्याही येऊन बसायच्या आणि आमच्यापेक्षा बारकाईनं बघायच्या.

आमचा एक नियम होता. वादात जो हरेल त्यानं फक्त "मान्य" म्हणायचं; पुढे सबबी नाहीत. माझ्या तोंडून तो शब्द कधीच निघाला नव्हता, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

शेवटी मीच पैज लावली. पावडरच्या डब्याला सुईनं भोक पाडलं, आत फोटोचा कागद बसवला आणि डबा त्याच्या खुर्चीसमोर कपाटावर चिकटवला. सहा महिने तसाच राहू द्यायचा. निवांताच्या डोळ्याला ही खोली जशी दिसेल, तशीच कागदावर उमटणार होती.

पाचव्या आठवड्यात, शनिवारी, मी दारात बूट घालत होतो. लांबू खुर्चीतूनच ओरडला, "मान्य म्हणायची तालीम कर!"

"कशाला? तू त्यात नसशीलच," मी म्हणालो.

मंगळवारी कामावरच त्याचं हृदय बंद पडलं.

मी डबा काढायला गेलो, तर वहिनींनी हात आडवा घातला. "सहा महिने म्हणजे सहा महिने, भावजी." त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. फोन करायचो, तोही उभ्या उभ्या. स्टुडिओत मात्र माझंच वाक्य माझ्या मागे लागलं. कुणाचा समूहफोटो छापताना मागच्या रांगेतला सगळ्यात उंच माणूस शोधायचो आणि मग कानात ऐकू यायचं, तू त्यात नसशीलच. माझ्याच आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा मला हरायचं होतं.

ठरल्या शनिवारी दुपारी तीनला मी स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन गेलो. वहिनींनी पडदे ओढले. असला कागद रसायनात धुवावा लागत नाही. चित्र आपोआप उमटलेलं असतं, फक्त काळ्याचं पांढरं आणि वरचं खाली. मी डबा उघडला, कागद स्कॅन केला आणि चित्र सुलटं केलं.

खिडकी. कपाटाची कड. खुर्ची.

खुर्चीत कुणीतरी होतं.

चेहरा नव्हता, धुरासारखं अंग होतं, पण खांदे होते, मांडीवर टेकलेले हात होते. मला इतका आनंद झाला, की मी वहिनींचा हातच धरला. "हरलो, वहिनी! हा बघा!"

मग माझा धंदा आडवा आला. लांबूचं डोकं खुर्चीच्या पाठीच्या वर वीतभर यायचं. याचं डोकं पाठीच्या आतच होतं. आणि त्याच्या वर, जिथे लांबू असायला हवा होता, तिथे नुसती भिंत. स्वच्छ भिंत.

वहिनी पडद्याकडे बघतच बोलल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, रिकामी खुर्ची त्यांना पुसून टाकेल. म्हणून मी ती रिकामी ठेवलीच नाही. रोज उजेड असेपर्यंत बसायचे. भाजी तिथेच निवडली, फोन तिथूनच घेतले. ते पुसले जाऊ नयेत म्हणून."

खुर्ची रिकामी राहिली असती, तर पाच आठवड्यांचा पुसटसा लांबू कदाचित तिच्यावर उरलाही असता. पाच महिने ठाण मांडून बसलेल्या बाईखाली त्याचं काही उरणं शक्य नव्हतं. आणि हे खूळ त्यांच्या डोक्यात माझ्याच अर्धवट वाक्यानं घातलं होतं.

"दिसतायत ना ते?" त्यांनी विचारलं.

प्रकाशाबद्दल मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो.

"मान्य," मी म्हणालो.

वहिनी चित्रावर वाकल्या. मग त्या डोक्यावरच्या मोकळ्या भिंतीला बोट लावलं.

"उंची कमी आहे, भावजी. एवढं मलाही कळतं."

मी मान खाली घातली. त्यांनी पडदा सारला. खोलीत ऊन आलं आणि समोरची खुर्ची, पाच महिन्यांत पहिल्यांदाच भर उजेडात, रिकामी दिसली.

"तरी पुन्हा एकदा मान्य म्हणा," वहिनी म्हणाल्या. "मला नको. तिकडे बघून म्हणा."